‘पहिले’ आले तेव्हा तिथे कोण होतं?

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या इतिहासाचं जुनं पुस्तक उघडा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सुरुवातीच्या पानांत एक यादी हमखास सापडते: इथला पहिला रहिवासी, पहिलं लाकडी घर, पहिली लाकूड कापायची गिरणी, पहिलं लग्न, पहिलं बाळ, पहिली शाळा, पहिलं पोस्ट ऑफिस. वाचायला मजा येते. थंडीत कुडकुडणारी, अस्वलांशी झुंजणारी, उपाशीपोटी झाडं तोडून घर उभं करणारी माणसं त्यात असतात. पण यादीतला पहिलाच शब्द खोटा असतो. हा ‘पहिला रहिवासी’ आला तेव्हा तिथे शेकडो वर्षं नांदणारी गावं होती. अनेकदा तर त्या गावांतल्याच कोणीतरी त्याला खायला घालून वाट दाखवलेली असते.

जुन्या पुस्तकांतली चूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण तीच गोष्ट आजही आपल्याला विकली जाते. वेस्टर्न सिनेमे, ‘रेड डेड रिडेम्प्शन’सारखे गेम, घोडागाड्यांच्या तांड्यांवरच्या मालिका, सगळीकडे चित्र साधारण एकच असतं: मोकळा, विराट प्रदेश आणि त्यात शिरणारी धाडसी माणसं. मूळचे लोक दिसलेच तर गोष्टीच्या कडेला, आधीच हरलेले. आपण मराठीत अजून त्यांना बिनदिक्कत ‘रेड इंडियन’ म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्रंटियरवरच्या, म्हणजे गोऱ्या वस्तीच्या पुढे सरकत जाणाऱ्या कडेवरच्या काउंटीचा ‘आद्य वसाहतकारां’चा इतिहास हा जमिनीच्या मालकीचा दाखला म्हणून लिहिला गेला. ‘पहिले आम्ही’ हे एकदा छापलं की ‘जमीन आमची’ हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं, असं म्हणायला अजिबात जागा नाही. त्यांना कळत होतं. ज्यांनी बोलून दाखवलं त्यांचं काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे.

यासाठी एकच काउंटी घेऊ: कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरची हम्बोल्ट काउंटी. सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने उत्तरेला साधारण ४३० किलोमीटर. बे एरियात राहणारी मराठी मंडळी लाँग वीकेंडला रेडवूडची प्रचंड झाडं बघायला जातात, ती इथेच. युरेका हे तिथलं मुख्य शहर. तिथला ‘कार्सन मॅन्शन’ हा लाकूड व्यापाऱ्याने १८८० च्या दशकात बांधलेला हिरवट, नक्षीदार वाडा तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिलाही असेल. त्या वाड्यापासून जवळच, खाडीत, एक सपाट बेट आहे. त्याचा फोटो फारसा कोणी काढत नाही.

‘सापडलं!’

युरेका म्हणजे ‘सापडलं!’. शहराचं नावच शोधाची आरोळी आहे. मग प्रश्न असा की हरवलं होतं कोणाचं? तिथे राहणाऱ्या वियोत लोकांकडे त्या जागेला आधीपासून नाव होतं, जारौजिजी. खाडीतल्या बेटावरच्या त्यांच्या गावाचं नाव तुलुवात. तिथले शिंपल्यांचे थर सांगतात की माणसं निदान हजार वर्षं त्या जागी राहत होती.

‘शोधा’ची अधिकृत गोष्ट अशी. डिसेंबर १८४९ मध्ये जोसाया ग्रेग याच्या नेतृत्वाखाली आठ जणांची टोळी ट्रिनिटी नदीवरच्या सोन्याच्या खाणींकडून डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत पोचली आणि तिला ही खाडी दिसली. पण पश्चिमेला खाडी आहे हे त्यांना कळलं कुठून? ट्रिनिटीवरच्या मूळ रहिवाशांनी सांगितलं म्हणून. टोळीतल्या एल. के. वुड याने नंतर या प्रवासाची हकिकत लिहिली. तिच्यात कि-वे-लाता नावाचा एक वियोत म्होरक्या येतो, जो या भुकेल्या पाहुण्यांशी चांगुलपणाने वागला आणि त्यांना पोटभर शिंपल्या खाऊ घातल्या. म्हणजे शोध लावणाऱ्याच्याच लेखणीतून यजमानाचं नाव आलेलं आहे. तरीही पुढच्या पुस्तकांत शोध ग्रेगचा राहतो आणि यजमान ‘मैत्रीपूर्ण इंडियन’ होऊन एका वाक्यात संपतो.

गोऱ्यांपुरतं बोलायचं तरी ग्रेग पहिला नव्हता. १८०६ मध्येच जोनाथन विनशिप हा अमेरिकन कप्तान रशियन कंपनीसाठी समुद्री ऊदमांजरांची शिकार करत या खाडीत शिरला होता. १८५० च्या वसंतात ‘लॉरा व्हर्जिनिया’ जहाजावरून आलेल्यांनी खाडीला अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव दिलं. हा माणूस कॅलिफोर्नियात कधी आलेलाच नव्हता. १८५३ मध्ये काउंटी झाली, तिलाही तेच नाव. ज्याने ही जमीन पाहिली नाही त्याचं नाव नकाशावर आलं. जे हजार वर्षं तिथे राहत होते, त्यांचं नाव यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

‘आद्य’ होण्याची घाई किती होती याचा सगळ्यात मजेशीर पुरावा सॅन फ्रान्सिस्कोत आहे. ‘सोसायटी ऑफ कॅलिफोर्निया पायोनिअर्स’ ही संस्था १८५० च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाली. सभासद कोण होऊ शकत होतं? १ जानेवारी १८५० च्या आधी आलेले. म्हणजे त्यातले बरेच जण जेमतेम वर्षभरापूर्वी आलेले! वर्षभरापूर्वी आलेला माणूस ‘आद्य’, आणि ज्याच्या पणजोबाच्या पणजोबाची राख त्या मातीत मिसळलेली आहे, तो मोजणीतच नाही. भाड्याच्या घरात सहा महिने काढून दारावर ‘मूळ मालक’ अशी पाटी लावण्याचा हा प्रकार.

पुस्तकात कोण येतं? ज्याने पैसे भरले तो

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली. तेव्हा काँग्रेसने ठराव करून प्रत्येक काउंटीने आणि गावाने आपला इतिहास लिहून काढावा, ४ जुलैला तो वाचावा, अशी शिफारस केली. त्यानंतर काउंटी-इतिहासांचं पीकच आलं. प्रकाशक गावोगाव एजंट पाठवायचे. आगाऊ वर्गणी भरणाऱ्याचं चरित्र पुस्तकात यायचं, आणखी पैसे दिले की त्याच्या घराचं, गोठ्याचं, गिरणीचं छापील चित्रही यायचं. आपल्याकडे वाढदिवसाच्या पुरवणीत जाहिरात दिल्यावर शेजारी ‘कर्तृत्वाचा आलेख’ छापून येतो ना, तसंच.

वॉलेस एलियट याने प्रकाशित केलेला हम्बोल्ट काउंटीचा सचित्र इतिहास १८८१ सालचा आहे. त्या पुस्तकातली चित्रं बघा: नीट आखलेली कुंपणं, धूर सोडणाऱ्या गिरण्या, घोडागाडीत बसलेलं कुटुंब, मागे जंगल. त्या चित्रांत कुठेही रक्त नाही. पुस्तक निघालं तेव्हा तुलुवातच्या हत्याकांडाला जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. मारणारे, मारणाऱ्यांना ओळखणारे आणि गप्प बसलेले, यांतले कितीतरी जण जिवंत होते. वर्गणी अशा गावातून गोळा होत होती. आपल्याच गिऱ्हाइकांबद्दल खरं छापणारा प्रकाशक दिवाळखोर झाला असता.

म्हणून ‘जुन्या पुस्तकात तर असं लिहिलंय’ हा पुरावा पुढे आला की आधी विचारायचं: पैसे कोणी भरले होते?

२६ फेब्रुवारी १८६०

दरवर्षी वियोत लोक तुलुवातला जमायचे. जगाचा तोल पुन्हा सावरण्यासाठी काही दिवस चालणारा त्यांचा विधी होता. त्या वर्षीचा विधी चालू असताना, २६ फेब्रुवारीच्या पहाटेच्या अंधारात, काही गोरे होड्यांतून बेटावर उतरले. कुऱ्हाडी, हातकुऱ्हाडी, सुरे घेऊन. बंदुकांचा आवाज खाडीपलीकडे शहरात गेला असता. बेटावर त्या वेळी मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारे होते. बरेचसे पुरुष सामान आणायला गेलेले होते. झोपेतच कत्तल झाली. त्याच सुमारास खाडीच्या दक्षिणेला आणि ईल नदीच्या परिसरातही वियोत वस्त्यांवर असेच हल्ले झाले. बेटावरच्या मृतांचे अंदाज साठपासून पुढे जातात. सगळ्या हल्ल्यांचे मिळून आकडे दोनशेच्या घरात पोचतात. मेलेल्या आईजवळ एक तान्हं मूल जिवंत सापडलं. त्याचं नाव जेरी जेम्स. ते पुढे लक्षात ठेवा.

हा प्रकार युद्ध नव्हता. तुलुवातच्या लोकांशी कोणाचं भांडण चालू नव्हतं. फोर्ट हम्बोल्ट या लष्करी ठाण्याचा प्रमुख मेजर गॅब्रिएल रेन्स याने स्वतः बेटावर जाऊन पाहिलं आणि हे लोक शांत, मित्रभावाचे होते असं वरिष्ठांना कळवलं. ग्रँड ज्युरी बसली. एकावरही आरोप ठेवला गेला नाही. त्याच १८६० सालात ते बेट रॉबर्ट गुंथर याच्या मालकीचं झालं. पुढे कित्येक दशकं नकाशावर ते ‘गुंथर आयलंड’ म्हणूनच होतं. गावात प्रेतं, आणि त्याच वर्षी जमिनीवर दुसऱ्याचं नाव. काउंटीचा इतिहास यापेक्षा थोडक्यात सांगता येत नाही.

‘तो काळच तसा होता’

हे वाक्य प्रत्येक वादात येतं. ते चूक आहे, आणि चूक असल्याचा पुरावा त्याच काउंटीत, त्याच आठवड्यात तयार झाला.

खाडीच्या उत्तर टोकाला युनियन नावाचं गाव होतं, आजचं आर्काटा. तिथल्या ‘नॉर्दर्न कॅलिफोर्नियन’ या साप्ताहिकात ब्रेट हार्ट नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा कामाला होता. संपादक बाहेरगावी गेल्यामुळे अंक त्याच्या हातात होता. २९ फेब्रुवारीच्या अंकात त्याने बायका-मुलांची कत्तल झाली असं ठळक मथळ्यात छापलं आणि सडकून टीका केली. गावात त्याला राहणं अशक्य झालं. जिवाला धोका होता. महिन्याभरात त्याने सॅन फ्रान्सिस्कोची बोट धरली.

हाच ब्रेट हार्ट पुढे खाणकामगारांच्या वस्त्यांवरच्या कथा लिहून जगप्रसिद्ध झाला. ज्या रोमँटिक ‘वाइल्ड वेस्ट’च्या प्रेमात आपण आहोत, ते घडवणाऱ्या पहिल्या लेखकांत त्याचं नाव येतं. आणि त्याच लेखकाला खऱ्या वेस्टमधून हाकललं गेलं, कारण त्याने एक खरी बातमी छापली.

आता दुसरी बाजू बघा. युरेकाच्या ‘हम्बोल्ट टाइम्स’चा संपादक ऑस्टिन वायली मूळच्या लोकांना इथून हलवा नाहीतर संपवा, या सुराचा प्रचार करत होता. त्याला काय झालं? १८६४ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या कारभाराचा सरकारी अधीक्षक झाला. एकाच काउंटीतले, एकाच काळातले दोन पत्रकार. एकाला पळ काढावा लागला, दुसऱ्याला बढती मिळाली. काळ दोघांचा एकच होता. फरक इतकाच, की कोणाच्या बोलण्याने जमीन मिळत होती आणि कोणाच्या बोलण्याने जाण्याचा धोका होता.

‘मूठभर गुंडांनी केलं’ ही दुसरी पळवाट. बेटावर उतरले ते मूठभरच असतील, पण त्यांच्या पाठीशी कायदा होता. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने एक कायदा केला, नाव होतं मूळ रहिवाशांच्या ‘शासन आणि संरक्षणा’चं. मूळ रहिवाशाच्या साक्षीवरून गोऱ्या माणसाला दोषी ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तुलुवातमधून वाचलेली बाई मारेकऱ्याचा चेहरा ओळखत असली, तरी तिच्या शब्दावर शिक्षा होणं अशक्य. ‘अज्ञात इसमांनी हत्या केली’ असं जेव्हा इतिहासात येतं, तेव्हा ते अज्ञान असं कायद्याने तयार केलेलं असतं.

याच कायद्याने मूळ रहिवाशांची मुलं गोऱ्यांच्या ताब्यात कामाला देण्याची सोय केली होती. हत्याकांडानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल १८६० मध्ये, ती आणखी वाढवली गेली: चौदा वर्षांखालचा मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत बांधून ठेवता येई. हम्बोल्ट काउंटीच्या दप्तरात असे शंभराच्या आसपास करारनामे सापडले आहेत. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून अमेरिकेत सामील झालं होतं, हे इथे आठवायला हरकत नाही.

आणि पैसा. राज्याचा पहिला निवडून आलेला गव्हर्नर पीटर बर्नेट याने जानेवारी १८५१ मध्ये विधिमंडळाला सांगितलं की मूळचे लोक नामशेष होईपर्यंत हे निर्दालनाचं युद्ध चालूच राहणार. विधिमंडळाने १८५१ आणि १८५२ या दोन वर्षांत स्वयंसेवक टोळ्यांच्या मोहिमांसाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करायला मंजुरी दिली. दरम्यान केंद्र सरकारच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी अठरा तह केले. त्यांत जमिनी राखून ठेवण्याचं वचन होतं. १८५२ मध्ये सेनेटने ते तह मान्य केले नाहीत आणि कागद गुप्त ठेवले, थेट १९०५ पर्यंत. ज्यांनी सह्या केल्या त्यांना वाटत होतं की करार झालाय. गुंडांकडे असं विधिमंडळ, असा खजिना आणि असं कुलूपबंद कपाट नसतं.

‘हिंसा दोन्हीकडून झाली’

झाली. ते लपवायचं कारण नाही. डोंगराळ भागात गुरं मारली गेली, एकटेदुकटे पशुपालक मारले गेले. त्या कुटुंबांचं दुःखही खरं होतं. बहुतेक वसाहतकार श्रीमंत नव्हते. मेन, मिसुरी, जर्मनी, आयर्लंड अशा कुठून कुठून कर्ज काढून आलेली माणसं होती ती. त्यांच्या बायकांची बाळंतपणं डॉक्टरशिवाय झाली. त्यांचे कष्ट खोटे नव्हते, आणि ते मी खोटे ठरवत नाही.

पण ‘दोन्हीकडून’ म्हणताना क्रम का गाळायचा? गुरं आली ती हरणांच्या कुरणांवर आणि कंदमुळांच्या, बियांच्या रानांवर सोडली गेली. सोन्याच्या खाणींचा गाळ नद्यांत उतरला आणि सामन मासा कमी झाला. बंदुकीने शिकार पळाली. उपाशी माणसाने गोठ्यातलं जनावर मारलं की त्याला ‘चोरी’ म्हणायचं, आणि चोरीची शिक्षा खाडीकाठी राहणाऱ्या, त्या चोरीशी काहीही संबंध नसलेल्या बायका-मुलांना द्यायची. हा हिशेब दोन बाजूंचा नाही. एक बाजू आपलं अन्न राखत होती, दुसरी जमीन मिळवत होती. १८५० च्या आसपास वियोत लोक दीड-दोन हजार असावेत, असा अंदाज आहे. १९१० पर्यंत ते शंभराच्याही खाली आले. दुसऱ्या बाजूच्या लोकसंख्येचा आलेख कोणत्या दिशेला गेला, हे कार्सन वाड्याकडे बघून कळतं.

शिवाय एकदा एका समाजाला हाकलण्याची सवय लागली की ती एका समाजापुरती राहत नाही. फेब्रुवारी १८८५ मध्ये युरेकात दोन चिनी माणसांच्या भांडणातली गोळी लागून डेव्हिड केंडल हा नगरसेवक मेला. जमाव जमला, फाशीचा खांब उभारला गेला, आणि दोन दिवसांत शहरातल्या सुमारे तीनशे चिनी रहिवाशांना दोन बोटींत घालून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवण्यात आलं. त्यांनी शहरावर दावा लावला आणि ते हरले. पुढे कित्येक वर्षं आपल्या काउंटीत चिनी माणूस नाही, ही तिथे फुशारकीची गोष्ट होती. एका माणसाच्या हातून गुन्हा घडला म्हणून सगळी जमात दोषी, हा नियम तोच होता. पंचवीस वर्षांपूर्वी तो कुऱ्हाडीने लागू केला गेला होता.

पुण्यातून दिसत होतं

‘तो काळच तसा होता’ याचं आणखी एक उत्तर आपल्या घरात आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. ही अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकतो. कमी सांगितलं जातं ते हे, की त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत फुल्यांनी युरोपीय वसाहतकारांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याचाही उल्लेख केला आहे, आणि इथे आर्यांनी मूळच्या लोकांना ज्या रीतीने दडपलं त्याच्याशी त्याची तुलना केली आहे.

तुलुवातला तेरा वर्षं झाली होती. पुण्यात बसून, बोटीने येणाऱ्या पुस्तकांवर आणि वर्तमानपत्रांवर अवलंबून असलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या: अमेरिकेतलं कौतुकास्पद काय आणि घृणास्पद काय. एकासाठी दुसरं झाकावं असं त्यांना वाटलं नाही. मग युरेकात राहणाऱ्याला, ज्याच्या खिडकीतून बेट दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं असं का मानायचं?

फुल्यांच्या आर्य-अनार्य मांडणीतल्या तपशिलांवर वाद घालता येईल, अभ्यासक घालतातही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: आधीपासून राहणाऱ्याला राक्षस, रानटी, चोर ठरवणारी गोष्ट कोण सांगतंय आणि ती सांगून त्याला काय मिळतंय? काउंटीच्या इतिहासाला विचारायचा प्रश्न हाच. आपल्याकडच्या ‘अमुक घराण्याने हे गाव वसवलं’ या वाक्यालाही तो लागू पडतो. वसवण्याआधी त्या रानात कोण राहत होतं, हे ग्रामदेवतेच्या जत्रेच्या स्मरणिकेत सहसा नसतं.

‘आता उकरून काय फायदा?’

फायदा काय, हे वियोत लोकांनी दाखवून दिलंय. १९९२ पासून ते दरवर्षी फेब्रुवारीत मेणबत्त्या लावून मृतांचं स्मरण करू लागले. शेरिल साइडनर या त्यात पुढे होत्या. आईजवळ जिवंत सापडलेल्या त्या जेरी जेम्सची त्या पणती. पुढे त्या जमातीच्या अध्यक्षही होत्या. सुरुवातीपासून गोरे शेजारीही या स्मरणाला येत राहिले. मग निधी जमवायला सुरुवात झाली. २००० मध्ये जमातीने बेटावरची दीड एकर जागा १,०६,००० डॉलर मोजून विकत घेतली. हजार वर्षांचं आपलं गाव, आपल्याच पैशाने. तिथे पूर्वी जहाजदुरुस्तीचा कारखाना होता. माती विषारी रसायनांनी भरलेली होती. ती त्यांनी साफ करून घेतली. २००४ मध्ये युरेका नगरपरिषदेने सुमारे चाळीस एकर परत दिली. मार्च २०१४ मध्ये १८६० साली अर्धवट राहिलेला विधी तुलुवातला पुन्हा केला गेला, १५४ वर्षांनी. आणि २१ ऑक्टोबर २०१९ ला शहराने बेटावरची आपल्याकडे उरलेली सुमारे दोनशे एकर जमीन जमातीला देऊन टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने राज्याच्या वतीने मूळ रहिवाशांची माफी मागितली आणि जे घडलं त्याला वंशसंहार म्हटलं.

‘उकरलं तर समाजात फूट पडेल’ असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. युरेकाचे लोक देशोधडीला लागले नाहीत. कोणाचं घर गेलं नाही. कार्सन वाडा जागच्या जागी आहे. काही रहिवासी तर आता आपण ज्यांच्या जमिनीवर राहतो त्यांना स्वखुशीने दरवर्षी ‘मानाचा कर’ देतात. हे सगळं शक्य झालं, कारण कोणीतरी जुनी वर्तमानपत्रं, दप्तरातले करारनामे, लष्करी पत्रं उघडून बसलं आणि त्यांत काय आहे ते मोठ्याने वाचलं. स्थानिक इतिहासच तो. फक्त वर्गणीदारांना न विचारता वाचलेला.

म्हणून स्थानिक इतिहास फेकून द्या, असं मी म्हणत नाही. तो अधिक स्थानिक करा. ‘वंशसंहार’ हा शब्द मोठा आहे. दिल्ली किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून तो उच्चारता येतो आणि विसरताही येतो. पण जमीन सात-बाऱ्यासारख्या एका कागदावर असते. मारेकरी एका गल्लीत राहत असतो. साक्षीदाराला कोणत्या कलमाने गप्प केलं, ते कलम क्रमांकासकट सापडतं. काउंटीच्या पातळीवर ‘आम्हाला काय माहीत’ असं म्हणता येत नाही, आणि परत काय द्यायचं हेही तिथेच स्पष्ट दिसतं.

हिशेब मात्र फुगवू नये. दोनशे एकर म्हणजे एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आणि हम्बोल्ट काउंटीची जमीन नऊ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे. वियोत भाषा लहानपणापासून बोलणारी शेवटची व्यक्ती, डेला प्रिन्स, १९६२ मध्ये गेली. ती भाषा आता ध्वनिमुद्रणांवरून आणि नोंदींवरून पुन्हा शिकली जातेय. काही गोष्टी परत देता येत नाहीत.

पण काउंटीच्या ‘पहिल्यां’च्या यादीत आता एक नोंद खरी घालता येईल. कोर्टाने भाग पाडलेलं नसताना, पैसे न घेता, आपल्या ताब्यातली एवढी जमीन मूळ मालकांना परत देणारं युरेका हे अमेरिकेतलं पहिलं शहर मानलं जातं. पहिलं घर, पहिली गिरणी, पहिलं पोस्ट ऑफिस यांच्याखाली ती ओळ छापायला हवी. वर जी जागा कोरी सोडली होती, तिथे वियोत हे नाव लिहून.